लव्हाळ्याला गवत म्हणू नका

गेल्या ऑगस्टमध्ये सातवीतली एक मुलगी पिशवीत दोन रोपे घेऊन आमच्या टेबलाशी आली. तिच्या अब्बांनी भाताच्या खाचरात दुकानातून आणलेले गवतनाशक फवारले होते. गवत जळाले, पण ही रोपे जशीच्या तशी राहिली आणि मोकळ्या झालेल्या जागेत जास्तच फोफावली. औषधाचे पैसे गेले, आता बेणणीची मजुरी पुन्हा. "सर, हे कसले गवत आहे?" इतकी वर्षे शिकवतो, तरी आम्हीही आधी गवतच म्हणालो!

पोरीनेच दांडा चिमटीत फिरवला आणि म्हणाली, "याला तर कंगोरे आहेत."

उत्तर तिथेच होते. गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ, आणि त्याला पेरे असतात. लव्हाळ्याच्या कुळाचा दांडा बहुतेक तीनधारी, आतून भरीव, बिनपेऱ्याचा. त्याची पाने तीन बाजूंना निघतात, गवताची दोन बाजूंना. पानाचा तळही पाहावा, लव्हाळ्यात तो दांड्याभोवती बंद नळीसारखा असतो. कुळच वेगळे असल्यामुळे फक्त गवतासाठी बनवलेले औषध याच्यावर चालत नाही. अब्बांची चूक नव्हती; आपण सगळेच हिरव्या पातीला गवत म्हणतो.

दोन्ही रोपेही एक नव्हती. बांधावरून आणलेल्याचा तुरा तांबूस, आणि मुळाशी बारीक दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट, सुवासिक गाठी. हा खरा मोथा, शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस. खुरप्याने दोरा तुटला की मागे राहिलेल्या गाठीतून नवे रोप येते, म्हणून तो कितीही खणला तरी परततो. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर 1977 साली निघालेल्या एका ग्रंथात त्याला पहिला क्रमांक दिला आहे. खाचरातल्या रोपाला मात्र पिवळसर तुरा आणि साधी झुपकेदार मुळे होती, गाठ एकही नाही. हा सायपरस इरिया. तो एका हंगामाचा पाहुणा, बियांवर जगणारा.

आपल्या भागात या कुळाची चंगळ आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांत येते, म्हणून उन्हाळीही भात होतो. खालापुरात पाताळगंगेला खोपोलीच्या वीजकेंद्राचे पाणी मिळते. म्हणजे ओल बारा महिने. चिखलात इरिया, निचऱ्याच्या बांधावर, परसात मोथा, अशी ढोबळ वाटणी समजावी.

पण या कुळाला नुसते तण म्हणणे अन्यायाचे होईल. मोथ्याच्या गाठींना युनानी हकीम साद कूफी म्हणतात. तमिळनाडूत पत्तमडई गावची लब्बई मुस्लिम कुटुंबे कोरई नावाच्या याच्याच भाऊबंदापासून मऊ चटया विणतात. नाईलकाठचा पपायरसही याच कुळातला, ज्याच्यावर पूर्वी लिहीत. हिजरी 22, म्हणजे इ.स. 643 सालचा, अरबी आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांतला एक पपायरस आज व्हिएन्नात जपलेला आहे. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मग आपल्या लव्हाळ्यावर लिहिता येईल का?" आम्ही करून पाहिले. कागद झाला नाही, हात मात्र हिरवे झाले.

खाचरातला इरिया त्यांनी बी पिकायच्या आत हाताने उपटला. मुळाला गाठ नसल्यामुळे तो सबंध निघाला. पुन्हा औषध आणले नाही. बांधावरचा मोथा अजून आहे. दादीने त्यातल्या ओंजळभर गाठी धुऊन सुपात वाळत घातल्या आहेत, उटण्यासाठी.