जुन्या मोटारीला नवा मॅनिफोल्ड

कोल्हापूर : पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारचा 'एक्झॉस्ट मॅनिफोल्ड' तडकला, तर नवा सहसा मिळत नाही. कंपनीने त्याचे उत्पादन केव्हाच थांबविलेले असते. मग तो ओतून घ्यावा लागतो. फौंड्री उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूरला हे तंत्र परिचयाचे आहे.

सिलिंडरमधील जळका वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणे, हे मॅनिफोल्डचे काम. १९७०च्या दशकातील काही मोटारींत या मार्गात पंपाने हवा सोडली जाई. त्यामुळे उरलेले इंधन तेथेच जळून कार्बन मोनॉक्साइड घटत असे.

जुन्या भागावरूनच साचा घेतल्यास मात्र फसगत होते. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. ३०० मिलिमीटरचा भाग ३ मिलिमीटरने आखूड निघतो आणि बोल्टची छिद्रे जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. मशीनिंगसाठी जादा धातू ठेवतात आणि आतली पोकळी वाळूच्या 'कोअर'ने साधतात. जुना भाग उष्णतेने वाकलेला असल्यास मापे इंजिनाच्या हेडवरून घेणे श्रेयस्कर. जोडात फट राहिली, तर बाहेरची हवा शिरून 'पीयूसी' चाचणीचे आकडेही फसवे येतात.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारीलाच 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा भाग कसाबसा बसविण्यापेक्षा मूळ भागाबरहुकूम ओतलेला मॅनिफोल्डच अशा मोटारीच्या हिताचा ठरतो.