मुंढा काचतो, दोष खांद्यात

त्या रविवारी वेताळ टेकडीवरून सायकल उतरवून घरी आले, आंघोळ उरकली आणि एका नवरीच्या ब्लाउजला हूक लावायला बसले. सुई कशीबशी ओवली, पण डाव्या हातात कापड धरवेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं नव्हतंच जणू. उजव्या हातात कातर घेतली तर अंगठ्यात जोर नाही. तेवीस वर्षं मी कोथरूडमध्ये शिवणकाम करते. माझं घर या दहा बोटांवर चाललंय. पोटात गोळाच आला.

सायकल माझी नव्हे. भाचा शिकायला परदेशी गेला आणि त्याची माउंटन बाइक आमच्या जिन्याखाली आली. तो पावणेसहा फूट, मी पाच फूट दोन इंच. ‘आत्या, सीट खाली घे की झालं,’ असं त्यानं फोनवर सांगितलं आणि मी तेवढंच केलं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा फक्त खालून दुमडून कुणी घालायला मागितला, तर मी त्याला कधी दिला नसता. सायकलच्या बाबतीत मात्र हे मला सुचलं नाही.

आधी मुंग्या यायच्या त्या उतार संपता संपता. सायकलच्या दुकानात विचारलं तर जाड गादीचे हातमोजे गळ्यात मारले. त्या मोज्यांनी त्रास वाढला. मोजा जाड, म्हणून मूठ मोठी, म्हणून पकड जास्त घट्ट. शिवाय गादीची घडी नेमकी नको तिथे रुतायची.

हाताच्या डॉक्टरांनी माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये एक कागद दिला. म्हणाल्या, ‘ताई, घट्ट धरा, मी ओढते.’ अंगठ्याचं टोक आपोआप वाकलं आणि तरीही कागद निसटला. मग त्यांनी समजावलं. कोपर कुठे आपटलं की ज्या शिरेतून झिणझिण्या जातात, ती अल्नर नस. ती पुढे मनगटात करंगळीच्या बाजूनं येते आणि एका अरुंद वाटेनं तळहातात शिरते. वाटेच्या एका बाजूला वाटाण्याएवढं हाड, दुसऱ्या बाजूला आकड्यासारखं वळलेलं हाड. फेलिक्स ग्युयों या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १८६१ मध्ये या वाटेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. आत नसेला दोन फाटे फुटतात. एक करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला स्पर्श कळवतो, दुसरा बोटांच्या बारीक स्नायूंना बळ देतो. हँडलवर रेललं की शरीराचा भार नेमका या वाटेवर येतो. दुसराच फाटा दबला तर मुंग्या न येताही हात दुबळा होतो, म्हणून फक्त मुंग्यांवर लक्ष ठेवून भागत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर दबलेली नस वेगळी. तिथे मनगट वाकवून धरण्याची सवय तपासायची.

डॉक्टरांकडूनच कळलं की २००३ मध्ये अमेरिकेत सायकलस्वारांच्या या त्रासाची पाहणी प्रसिद्ध झाली. ६०० किलोमीटरच्या प्रवासाआधी आणि नंतर २५ सायकलस्वारांचे हात तपासले, तर २३ जणांना संवेदनेचा किंवा ताकदीचा काही ना काही त्रास आढळला. संवेदना कमी होण्याचं प्रमाण माउंटन बाइकवाल्यांत रस्त्यावरच्या सायकलवाल्यांपेक्षा जास्त होतं.

माझे डोळे उघडले ते मात्र माझ्याच धंद्यामुळे. गिऱ्हाईक म्हणतं, मुंढा काचतोय, जरा खोल कापा. नवखा शिंपी कापतो, आणि हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. दोष बहुधा खांद्यात असतो. मग सायकलवर हात काचतो तर खांदा कुठला? मी मेजरटेप आणि गवंड्याकडची पाणसळ घेऊन जिन्याखाली बसले.

सीटचं नाक खाली झुकलेलं. म्हणजे मी सतत पुढे घसरत होते आणि हातांनी स्वतःला थोपवत होते. दुसरी चूक माझीच. हँडल लांब पडतं म्हणून मी सीट पुढे सरकवली होती. एक प्रयोग करून बघा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे राहा आणि पायांची बोटं धरायला वाका. तोल पुढे जातो, कारण कंबरेला मागे जायला जागाच नाही. सीट पुढे घेतली की तेच होतं. कंबर पेडलच्या मानानं पुढे येते आणि वरचं धड हातांना पेलावं लागतं. मी सीट सपाट केली आणि दोन सेंटिमीटर मागे नेली. पण मग हँडल आणखी लांब! त्यावर उपाय हँडलकडेच. त्याला धरणारा स्टेम ९० मिलिमीटरचा होता, तो बदलून ६० चा बसवला आणि खाली कड्या घालून हँडल थोडं वर घेतलं. एवढ्यानं निम्मा त्रास गेला. हे आधी करा, पैसे नंतर खर्च करा, असं मी टेकडीवर भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

ब्रेकच्या दांड्यांवर छोटा स्क्रू असतो. तो फिरवून दांडी लहान हाताच्या आवाक्यात आणता येते. मग एका बोटानं ब्रेक लागतो आणि बाकीची बोटं मोकळी राहतात. दांडीचा कोन असा ठेवायचा की कोपरापासून बोटापर्यंत हात एका रेषेत यावा. ग्रिप मी पंख असलेल्या घेतल्या. तळहाताला टेकायला रुंद जागा मिळते, पण पंख चुकीच्या कोनात फिरला तर तोच रुततो. हातमोजे आता पातळ वापरते.

वेताळ टेकडीवरचा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, आणि त्याचा प्रत्येक हादरा मनगटात येतो. पुढच्या चाकात ४५ पीएसआय हवा होती. माझ्या ५७ किलो वजनाला ट्यूब असूनही २८ पुरते. पुढच्या फोर्कमध्येही भाच्याच्याच वजनाची हवा होती. फोर्कच्या दांडीवर रबरी कडी असते. ती खाली सरकवून, चालवताना घेतो तसा पवित्रा घेऊन हलकेच उभं राहायचं आणि उतरून मोजायचं. १०० मिलिमीटरच्या फोर्कवर ती वीस-पंचवीस सरकायला हवी. माझी आठ सरकली. म्हणजे तो फोर्क माझ्यासाठी जवळजवळ लोखंडी कांबच होता.

एवढं करूनही खाणीजवळच्या उतारावर मी भीतीनं मूठ आवळायचे. शिलाई मशीनवर नवीन मुलगी कापड ओढते, तेव्हा मी तिला सांगते, ओढू नकोस, नुसतं वळण दाखव, खालचे दाते कापड पुढे नेतात. उतारावर आता मी स्वतःला तेच सांगते. पेडल समपातळीत, भार तळपायांवर, गुडघे आणि कोपरं सैल. पुढचं चाक दगडावरून आपली वाट काढतं, त्याला आवळून धरावं लागत नाही. चढावर बसून चालवताना दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलते, सपाटीला एकेक हात झटकते. घरी पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करते, कारण धड स्वतःला पेलत नसेल तर ते हातांवरच येऊन पडतं.

मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या, रात्री जाग आली, बटण लावता येईना किंवा किल्ली फिरेना, तर सायकल जिन्याखाली ठेवून डॉक्टरांकडे जा. रक्तातली साखर, थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही, आणि त्यानंही हातापायांना मुंग्या येतात. माझी ताकद परत यायला अडीच महिने लागले. त्या काळात कापायचं काम माझ्या मदतनीस मुलीनं केलं.

लांब फेरीत, दोन तासांनंतर, डाव्या करंगळीचं टोक अजून जड होतं. मागे जास्त वळलेलं हँडल लावलं तर मनगटाचा कोन सुधारेल असा माझा अंदाज आहे. येत्या शनिवारी ते बसवून बघणार आहे.