मॉडलारॉइट
जर्मनीच्या बव्हेरिया व थुरिंजिया या राज्यांच्या सीमेवरील एक खेडे. लोकसंख्या सु. ५०. हॉफ शहराच्या उत्तरेस टानबाख ओढ्याच्या दोन्ही काठांवर ते वसले असून शेती हा येथील पारंपरिक व्यवसाय होय.

१८१० पासून हा ओढा बव्हेरियाचे राज्य व रॉइस संस्थान यांची सीमा ठरला. तथापि ग्रामजीवन एकसंधच राहिले. शाळा व खानावळ थुरिंजियाच्या बाजूस होती, तर प्रार्थनेसाठी गावकरी बव्हेरियातील टोपेन येथील चर्चमध्ये जात. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच सीमा अमेरिकन व सोव्हिएट व्याप्त विभागांची आणि १९४९ पासून पश्चिम व पूर्व जर्मनीची झाली. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने ती बंद केली व सीमेलगतच्या काही कुटुंबांना सक्तीने हलविले. प्रथम लाकडी कुंपण आणि १९६६ मध्ये सु. ७०० मी. लांब व ३·३ मी. उंच काँक्रीटची भिंत उभारण्यात आली. पूर्वेकडील रहिवाशांना पलीकडच्या आप्तांना हात हलवून अभिवादन करण्यासही मनाई होती. यामुळे गावास ‘छोटे बर्लिन’ हे नाव पडले.

९ डिसेंबर १९८९ रोजी पादचाऱ्यांसाठी येथे वाट खुली झाली व १७ जून १९९० रोजी भिंतीचा बराचसा भाग पाडण्यात आला. उर्वरित भाग, टेहळणी मनोरे व कुंपणे संग्रहालयाच्या रूपाने जतन केली आहेत. जर्मनीच्या एकीकरणानंतरही गाव प्रशासकीय दृष्ट्या दोन राज्यांत विभागलेले आहे; ओढा मात्र आता कोणासही ओलांडता येतो.