पन्हेरीतील रोपे का करपतात?



मृग लागण्याआधी आपल्या मोहगाव, सौंसर, पांढुर्णा भागात पन्हेरीची लगबग सुरू होते. कोणी मिरची टाकतो, कोणी वांगी, कोणी टमाटर. फुलकोबीवाल्यांची घाई वेगळीच असते, आणि संत्र्याची कलमे बांधणाऱ्यांच्या जंभेरीच्या वाफ्यांना तर बारमाही राखण लागते. याच दिवसांत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते : “बी छान उगवले, दोन पाने फुटली, म्हणून जरासा युरिया फेकला, तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा जळाल्या आणि आठवड्यात वाफा रिकामा झाला.” मग बोल लागतो तो बियाण्याला, दुकानदाराला किंवा उन्हाला. संकरित बियाण्याची दहा ग्रॅमची पुडी आज केवढ्याला पडते हे आपणास सांगायला नको. शिवाय पैशापेक्षा मोठे नुकसान वेळेचे होते. दुसऱ्यांदा बी टाकले की लावणी महिनाभर मागे पडते आणि माल बाजारात येतो तो भाव उतरल्यावर.

रोप करपते म्हणजे नेमके काय होते? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात भांड्यात पाणी सुटते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ते पाणी फोडीतलेच असते. मिठाने ते बाहेर ओढून घेतलेले असते. रोपाच्या मुळाचेही तसेच आहे. मातीतल्या पाण्यात क्षार थोडे असतील तर मूळ ते पाणी सहज पिते. क्षार वाढले की पिणे कठीण होते, आणि फारच वाढले तर मुळातलेच पाणी बाहेर खेचले जाते. रासायनिक खत हेही एक प्रकारचे मीठच आहे. म्हणून वाफा ओला असूनही रोप माना टाकते. आपल्याला वाटते पाणी कमी पडले. पण पाणी असते, ते मुळाला घेता येत नसते. मोठ्या झाडाची मुळे दूरवर पसरलेली असतात. एका बाजूला खत जास्त झाले तरी ते दुसऱ्या बाजूने पिते. दोन बोटे लांबीच्या मुळाला दुसरी बाजू कुठली असणार?

युरियाची गोष्ट याहून एक पाऊल पुढची आहे. युरिया मातीत पडला की जिवाणूंच्या विकरामुळे त्याचा अमोनिया बनू लागतो. आंबट मातीत हा अमोनिया बराचसा बांधला जातो. आपली जमीन मात्र काळ्या खडकापासून झालेली, बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी. अशा जमिनीत, त्यातही मे महिन्याच्या उन्हात, अमोनियाचा वायू मोकळा राहतो, आणि तो कोवळ्या मुळाला थेट विष ठरतो. डीएपीचेही चुनखडीच्या मातीत असेच होते. म्हणूनच कपाशी टोबताना डीएपीचे दाणे बियाच्या अगदी अंगाला लागून पडले तर तेवढ्या ठिकाणी उगवण विरळ होते. मुद्दाम सांगायचे ते असे की कोकणातल्या लाल मातीत चालून गेलेली मात्रा आपल्या काळ्या मातीत चालेलच असे नाही. पुस्तक वाचून खत देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता भुकेचा प्रश्न. बीज आपली शिदोरी बरोबर घेऊन येते. मिरची-वांग्याची पहिली दोन गुळगुळीत पाने ही खरी पाने नव्हेत, ती बीजदले आहेत. त्यांतल्या साठ्यावर रोप पहिले दहा-बारा दिवस जगते. या काळात त्याला हवी असते ओल, हवा आणि ऊब. खत नको असते. तान्ह्या लेकराला कोणी भाकरी भरवीत नाही. खऱ्या पानांची पहिली जोडी नीट उघडली की मगच खताचा विचार करावा, आणि वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत असेल तर बहुधा तोही करावा लागत नाही.

“चांगले कुजलेले” या दोन शब्दांवरच सगळे अडते. आपल्या उकिरड्यावरचे खत वरून काळेभोर दिसते, पण फावडे घालून पाहा. आत पोवटीसारखे थर, अर्धवट गवत, पऱ्हाटीचे तुकडे आणि नाकात जाणारा झणका. ढिगात हात घातला आणि चटका बसला तर ते खत अजून शिजते आहे असे समजा. कुजणारा ढीग साठ अंश सेल्सिअसपर्यंतही तापतो. त्यातला अमोनिया मुळे जाळतो, त्यातून हुमणीच्या अळ्या येतात, वाळवी येते आणि तणाचे बी तर पोत्याने येते. तयार झालेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. ते मुठीत दाबले तर गोळा होतो, बोटाने टोकरले तर तो फुटतो. कोंबडीखत त्याहून जहाल. माझे मत विचाराल तर पन्हेरीच्या जवळपासही ते आणू नये.

चांगले खत कसे करावे याचा धडा आपल्याच राज्यात लिहिला गेला आहे. इंदूरला १९२४ साली वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर देऊन, ओल राखून आणि ढिगाची तीन वेळा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली त्यावर पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची रीत काढली. ‘नाडेप’ हे नाव त्यांच्याच नावावरून पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे टाके भरून वरून लिंपले की तीन-चार महिन्यांत खत मिळते. दिवाळीनंतर भरलेले टाके पन्हेरीच्या वेळेला सहज तयार होते. मे महिन्यात धावपळ करून उकिरडा उकरण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

माती निवडताना आपली एक जुनी समजूत आड येते. काळी भारी माती म्हणजे कसदार, मग पन्हेरीसाठीही तीच उत्तम, असे आपण धरून चालतो. कपाशीला, तुरीला ती उत्तम हे खरेच. पण कोवळ्या रोपाला कसापेक्षा हवा अधिक लागते. भारी माती पाणी धरून फुगते, मुळाभोवतीची हवा संपते. सुकली की भेगा पडतात आणि मुळे ताणून तुटतात. अशा वाफ्यात ‘मर’ हटकून येते. रोपाचा बुडखा जमिनीलगत चिमटल्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. जाम किंवा कन्हान नदीच्या आणि लहान नाल्यांच्या काठची पोयट्याची माती पन्हेरीला सर्वांत चांगली. ती नसेल तर काळ्या मातीत धुतलेली रेती मिसळावी.

माती कुठून आणू नये हेही सांगितले पाहिजे. गोठ्याच्या भिंतीलगतची आणू नये, तिथे जनावरांच्या मुताचे क्षार साचलेले असतात. मोरीच्या पाण्याजवळची आणू नये, तिथे सोडा असतो. गेल्या वर्षी जिथे वांगी-टमाटर मरून गेले त्या वावरातली नको. जुन्या संत्रा बागेतली तर मुळीच नको. जिच्यावर उन्हाळ्यात पांढरी पापडी धरते ती माती दिसायला कितीही भुसभुशीत असली तरी सोडून द्यावी. आणखी एक, चुलीची राख. कीड पडू नये म्हणून आपण ती सकाळी पानांवर भुरभुरतो, तेवढे ठीक. पण “पालाश मिळतो” म्हणून ती टोपल्याने वाफ्यात मिसळू नका. राख खारी आणि विम्लधर्मी असते, आणि आपल्या मातीत तो गुण आधीच जास्त आहे.

भाजीपाल्याच्या वाफ्याचे प्रमाण असे ठेवावे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करावा. त्यात कुजलेल्या, चाळलेल्या शेणखताची दोन घमेली घालावीत. सिंगल सुपर फॉस्फेट शंभर ग्रॅम, बी टाकण्यापूर्वी आठवडाभर आधी, मातीत नीट कालवून टाकले तरी चालते. ते युरियासारखे पोळत नाही. नत्राची खते वाफा करताना घालू नयेत. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतात मिसळून दिल्यास ‘मर’ पुष्कळ आटोक्यात राहते.

मिश्रण पोळणारे आहे की नाही हे घरीच तपासता येते. दोन मातीच्या वाट्या घ्या. एकीत आपले मिश्रण, दुसरीत स्वच्छ धुतलेली नदीची रेती. दोन्हींत मोहरीचे वीस-वीस दाणे टाका आणि सारखे पाणी द्या. चार-पाच दिवसांनी मोजा. रेतीत अठरा उगवले आणि मिश्रणात नऊ-दहाच, किंवा उगवलेल्यांच्या मुळ्यांची टोके तपकिरी दिसली, तर मिश्रण अजून कच्चे आहे. ते पसरून पाणी मारा आणि दोन-तीन आठवडे थांबा. मूठभर मोहरीत शेकडो रुपयांचे बी वाचते.

संत्र्याच्या पन्हेरीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथली चूक लवकर दिसत नाही. मिरचीचे रोप बिघडले तर महिन्यात कळते. जंभेरीच्या मुळाला पन्हेरीतच रोग लागला तर वर डोळा बांधलेले कलम वरवर हिरवेगार दिसते, आपण ते वावरात लावतो, पाच-सहा वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढवतो आणि ऐन फळावर आल्यावर झाड पिवळे पडून वाळू लागते. मूळकूज आणि डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत फोफावते, तिचे बीजाणू पाण्यात पोहत पसरतात. म्हणून वावरातल्या वाफ्यांऐवजी ट्रेमध्ये आणि नंतर पिशवीत, निर्जंतुक केलेल्या मिश्रणात रोपे वाढवावीत असा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा आग्रह आहे. या संस्थेची सुरुवात १९८५ साली झाली. माती, रेती आणि शेणखत समभाग घ्यावे, ओले करावे आणि एप्रिल-मे महिन्यात पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात ठेवावे. प्लास्टिक पारदर्शकच हवे, काळे नको. पारदर्शकातून ऊन थेट मातीत उतरते. आपल्या भागातले ऊन फुकट मिळते, ते असे कामी लावावे.

जंभेरीचे बी ताज्या फळातून काढून, धुऊन, सावलीत सुकवून लगेच टाकावे. फार वाळले तर उगवत नाही. एका बीतून दोन-तीन रोपेही निघतात. त्यांतली बहुतेक आईसारखीच असतात. काही मात्र खुरटी, काही भलतीच उंच व वेगळ्या पानांची. खुरट्या रोपांना उपाशी समजून खत देण्याचा मोह होतो. ती उपाशी नसतात, जातीनेच वेगळी असतात. ती उपटून टाकावीत. लिंबूवर्गीय रोपांना युरियाची फवारणीही जपून करावी. युरियात बाययुरेट नावाच्या पदार्थाचा थोडा अंश राहतो आणि तो या झाडांना विशेष बाधतो. पानांची टोके पिवळी पडून तशीच राहतात.

हल्ली ट्रे आणि कोकोपीटचा वापर वाढला आहे. नारळाचा काथ्या किनारपट्टीवरून येतो, पुष्कळदा खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो. म्हणून न धुतलेले कोकोपीट दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून पिळून काढावे. त्यात अन्न जवळजवळ नसते, तेव्हा खरी पाने आल्यावर विद्राव्य १९:१९:१९ खत द्यावे लागते. सुरुवात लिटरला एक ग्रॅमने करावी, पुढे दोन ग्रॅम. वाफ्यातली रोपे फिकी पडली, जुनी खालची पाने आधी पिवळी झाली, तर दहा लिटरच्या झारीत वीस ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी द्यावा आणि मागून साध्या पाण्याची झारी फिरवून पाने धुवावीत. दाणेदार युरिया वाफ्यात कधीही फेकू नये. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती नत्राची भूक नव्हे. चुनखडीमुळे लोह मिळत नाही असा त्याचा अर्थ. तिथे युरिया दिला तर उपयोग शून्य. लावणीच्या आधीच्या आठवड्यात नत्र बंद करावे आणि पाणीही थोडे कमी करावे, म्हणजे रोप काटक होते.

एवढे करूनही पानांच्या कडा तपकिरी झाल्या, वाफ्यावर पांढरी झाक दिसली, तर घाबरून टॉनिक वगैरे घालू नका. सगळे खत थांबवा. गोडे पाणी सावकाश, दोन-तीनदा, खाली निघून जाईल इतके द्या, म्हणजे क्षार मुळाखाली उतरतात. कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल तर विहिरीचे वापरा. दुपारी तुराट्यांच्या मांडवाची सावली करा. नवे पान स्वच्छ निघाले तर रोप वाचले. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी मात्र नेहमी बाजूला सोडून द्या, ते हाताला चटका देण्याइतके तापलेले असते आणि खत न देताही रोपे पोळतात ती कित्येकदा त्यानेच.