घरातली शाळा : मेरी लू विल्यम्स

संगीत नाटकांतली पायपेटी आठवते ना? तशाच, पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर अमेरिकेतली एक आई वाजवीत बसे. मांडीवर तिची चिमुरडी, मेरी लू. एक दिवस आईच्या पाठोपाठ लेकीनेच सूर काढले! तरी आईने शिक्षक ठेवला नाही. पोर नोटेशन वाचायला शिकेल, पण कानाने वाजवणे विसरेल, ही तिला धास्ती.

मेरी लू विल्यम्सचा जन्म १९१० सालचा, अटलांटातला. वाढली पिट्सबर्गमध्ये. कृष्णवर्णीयांचा शेजार नको, म्हणून गोरे लोक घरावर विटा फेकीत. पुढे तेच ह्या पोरीला पियानो वाजवायला घरी बोलावू लागले.

मोठेपणी ती अँडी कर्क यांच्या जाझ वाद्यवृंदात शिरली. वादकांत बाई ती एकटीच. कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे, ती मांडणीही तीच लिहून देई. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठीही तिने लिहिले.

१९४० नंतर न्यूयॉर्कमधल्या तिच्या घरी, रात्रीचे कार्यक्रम आटोपले की तरुण वादक जमत. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी! पुढे जगभर गाजलेली ही मंडळी तिच्या पियानोपाशी नव्या रचना वाजवून बघत, तिचा सल्ला घेत. फी नाही की हजेरी नाही.

१९५४ मध्ये पॅरिसला असताना तिचे मन विटले. वाजवणे सोडून ती प्रार्थनेत रमली. व्यसनात बुडालेल्या वादकांना घरी आणून जेवूखाऊ घाली. त्यांच्या मदतीसाठी पुढे तिने जुन्या कपड्यांचे दुकानही चालवले. १९५७ साली मात्र ती पुन्हा रंगमंचावर आली.

आणि १९७७ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ड्यूक विद्यापीठाने तिला शिकवायला बोलावले! जाझचा इतिहास सांगायला तिच्याजवळ एका झाडाचे चित्र होते. खोडावर भक्तिगीते, रॅगटाइम, स्विंग, बॉप; आणि मुळाशी शब्द होता, दुःख. २८ मे १९८१ रोजी ती गेली, तोवर ती त्याच विद्यापीठात होती.

शिक्षिका हे नाव तिला उतारवयात मिळाले; शिकवीत मात्र ती तीस वर्षे होती. आपल्यातही कितीजणी शेजारच्या मुलांची गणिते सोडवून देतात, नव्या सुनेला शिवण दाखवतात! ‘मी काय, घरीच असते’ असे पुन्हा म्हणण्याआधी मेरी लूला जरूर आठवावे.