रक्तातील राखणदार प्रथिने व त्यांची विल्हेवाट

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात काम करणाऱ्या आपल्या सभासदांना राखेचे काम समजावून सांगावयास नको. ईएसपीने धुरातील राख पकडली एवढ्याने भागत नाही. खालचे हॉपर वेळेवर रिकामे झाले नाहीत, तर पकडलेली राखच अडचण होऊन बसते. आपल्या रक्तातही असाच एक कारभार अहोरात्र चालतो. विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडेल म्हणून तो येथे मांडत आहोत.

छातीत जंतू शिरले की पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात व इलॅस्टेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात. हे विकर जंतूंना मारते, पण मोकाट सुटले तर फुप्फुसाचे लवचिक तंतूही कापते. त्याला आवर घालण्यासाठी यकृत अल्फा-१-अँटिट्रिप्सिन हे प्रथिन तयार करते. एक लिटर रक्तद्रवात ते साधारण १ ते २ ग्रॅम असते.

त्याची युक्ती उंदराच्या सापळ्यासारखी आहे. प्रथिनाचा एक वळसा आमिषासारखा बाहेर आलेला असतो. विकर तो कापते, त्याच क्षणी वळसा आत ओढला जातो आणि त्याला चिकटलेले विकर दुसऱ्या टोकाला फेकले जाऊन पिचते. हा सापळा एकदाच चालतो.

मग ही जोडी जाते कुठे? पुष्कळांना वाटते, लघवीवाटे. तसे नाही, एवढा मोठा रेणू निरोगी मूत्रपिंड सहसा सोडत नाही. सापळा मिटला की प्रथिनाचा आकार बदलतो, आणि यकृताच्या पेशींवरील एलआरपी-१ हा ग्राही नेमकी ही बदललेली जोडी धरतो. पेशी तिला आत ओढून घेते व लायसोसोम नावाच्या पिशवीत तिची अमिनो आम्ले सुटी होतात. न वापरलेले प्रथिन रक्तात निम्मे व्हायला चार-पाच दिवस लागतात. प्राण्यांवरील प्रयोगांत जोडी मात्र फार लवकर नाहीशी होते. रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिनला धरणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनचीही वाट हीच. म्हणजे प्रथिन बनविणारे यकृतच आणि उचलणारेही तेच!

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल व एरिक्सन यांना पाच जणांच्या रक्तात हे प्रथिन जवळजवळ दिसलेच नाही. त्यांपैकी तिघांची फुप्फुसे कमी वयातच एम्फिसिमाने फुगलेली होती.

आपल्याकडे हा जन्मजात दोष विरळा. परंतु बिडी-सिगारेटचा धूर दुसऱ्या वाटेने तेच करतो. आमिषाच्या वळशावर मिथिओनिन नावाचे अमिनो आम्ल असते. धुराने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की सापळा इलॅस्टेजला नीट धरत नाही. जोडीच जुळली नाही, तर यकृत उचलणार काय? राखेला दोष देणे सोपे आहे, आणि धुळीने छातीला अपाय होतोही. पण शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर पेटणारी बिडी आपणच पेटवतो. ती सोडली तर फुप्फुसाच्या ऱ्हासाचा वेग मंदावतो. फाटलेले वायुकोश मात्र पुन्हा सांधले जात नाहीत.