अपघातग्रस्त बालके आणि भरपाईचा हक्क

मालवणहून कसालकडे जाणारा रस्ता शाळेच्या वेळी मुलांनी फुललेला असतो. मे महिन्यात व गणेशचतुर्थीच्या सुमारास या रस्त्यावर मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या वाहनांची भर पडते. पर्यटकांची वर्दळ तर आता बहुतेक वर्षभर चालू असते. अशा रस्त्यावर एखादे मूल वाहनाखाली सापडले म्हणजे घरावर जो आघात होतो त्याला शब्द अपुरे पडतात. पुढे चारआठ दिवसांत कोणीतरी मध्यस्थ येतो, थोडीशी रक्कम पुढे करतो आणि प्रकरण आपसात मिटविण्याची गोष्ट काढतो. ‘मूल तर परत येणार नाही, मग त्याचे पैसे कसले घ्यायचे?’ असे म्हणून आईबाप कागदावर सही तरी करतात किंवा काहीच न करता गप्प बसतात.

ही भावना कोणालाही समजण्यासारखी आहे. तथापि तिच्यामागे एक गैरसमज आहे. भरपाई म्हणजे मुलाची किंमत नव्हे. दुसऱ्याच्या हयगयीमुळे झालेल्या हानीचा भार कायद्याने ज्याच्यावर टाकला आहे, त्याने तो उचलणे म्हणजे भरपाई. मूल जखमी होऊन वाचले असेल तर ती रक्कम त्या मुलाची स्वतःची असते. त्याचे औषधोपचार, त्याचे शिक्षण आणि पुढील सारे आयुष्य त्या रकमेवर अवलंबून असू शकते. आईबापांच्या संकोचामुळे मुलाने आपल्या हक्काला मुकावे, हे न्याय्य ठरणार नाही.

मोटार अपघात : कोणाकडे दाद मागावी?

रस्त्यावरील अपघातांच्या भरपाईसाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करण्यात आली आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यासाठी हे न्यायाधिकरण ओरोस येथील जिल्हा न्यायालयात आहे. अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो. म्हणजे सुटीत आजोळी आलेल्या मुलास मालवण तालुक्यात अपघात झाला, तरी मुंबईत राहणाऱ्या पालकांना मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते.

या कायद्यात २०१९ साली मोठ्या सुधारणा करण्यात आल्या. भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आल्या. कलम १६४ नुसार चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. चालकाची हयगय दाखवून अधिक रकमेची मागणी करावयाची असल्यास कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो. कलम १६४ खालील रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. म्हणून वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून घाईने संमती देऊ नये. अर्जासाठी अपघाताच्या दिनांकापासून सहा महिन्यांची मुदत कायद्याने घातली आहे. या मुदतीच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी त्या भरवशावर कोणी विलंब करू नये.

धडक देऊन वाहन पसार झाले व त्याचा थांग लागला नाही, तरी दाराशी आलेले सगळे मार्ग बंद होत नाहीत. अशा प्रकरणी केंद्र शासनाच्या २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये देण्यात येतात. हा अर्ज महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. तहसील कार्यालयात विचारणा केल्यास त्याची माहिती मिळते.

न मिळवणाऱ्या मुलाचे नुकसान कसे मोजावे?

‘मूल कमावते नव्हते, मग नुकसान ते काय?’ असा प्रश्न विमा कंपन्यांच्या वतीने वर्षानुवर्षे करण्यात आला. न्यायालयांनी दिलेले उत्तर काळानुसार उदार होत गेले आहे. पूर्वी कमाई नसलेल्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपये गृहीत धरले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एका दहा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूप्रकरणी ते ३० हजार रुपये धरले आणि एकूण ५ लाख रुपये मंजूर केले.

जखमी मुलांच्या बाबतीत न्यायालयाची दृष्टी अधिकच व्यापक झाली. २००७ साली झालेल्या अपघातात बारा वर्षांची एक मुलगी कायमची परावलंबी झाली. तिच्या शुश्रूषेसाठी दोन मदतनीस जन्मभर लागतील हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातमधील एका आठ वर्षांच्या मुलाच्या प्रकरणी न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न ठरविताना त्या राज्यातील कुशल कामगाराचे किमान वेतन आधारास घ्यावे, असे सांगून उच्च न्यायालयाने दिलेली ८ लाख ६५ हजारांची रक्कम ३५ लाख ९० हजारांवर नेण्यात आली. मूल रस्त्यावर धावत आले, एवढ्याच कारणाने त्याला दोषी धरण्यासही न्यायालये सहसा तयार नसतात. प्रौढ माणसाइतकी सावधगिरी लहान मुलाकडून अपेक्षिता येत नाही.

समुद्र, रेल्वे आणि वीज

किनाऱ्यावरील जिल्ह्यात अपघात केवळ रस्त्यावर होत नाहीत. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळील वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीस आलेल्या आठ जणांना प्राण गमवावे लागले. ती महाविद्यालयीन सहल होती. परंतु शाळांच्या सहलीही याच किनाऱ्यावर येतात. या संदर्भात प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा एक निर्णय आहे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोट परिसरातील डलहौसी पब्लिक स्कूलची सहल बियास नदीवर गेली असता चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केला. सहलीस नेलेल्या मुलांची काळजी घेणे हे शिक्षकांचे कर्तव्य असून त्यांच्या हयगयीबद्दल संस्था उत्तरदायी ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

अशा मृत्यूंबाबत प्राणांतिक अपघात अधिनियम, १८५५ अन्वये दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे. तुटलेल्या वीजवाहिनीच्या धक्क्याने मृत्यू झाल्यास वीज पुरविणाऱ्या संस्थेची हयगय सिद्ध झाली नाही तरी ती जबाबदार राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले आहे. रेल्वे अपघातांसाठी स्वतंत्र रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर कोसळलेल्या दगडांमुळे कोकण रेल्वेची गाडी घसरून पन्नासांवर प्रवासी मृत्युमुखी पडले, ही घटना जिल्हा विसरलेला नाही. रेल्वे अपघातातील मृत्यूबद्दलची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये करण्यात आली असून मृत व्यक्तीच्या वयावर ती अवलंबून नसते. तेथे अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो.

याखेरीज इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२२ च्या शासन निर्णयानुसार अपघाती मृत्यूबद्दल दीड लाख रुपये देण्यात येतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकाने पुढाकार घेतला नाही तर पालकांना अशी योजना आहे हे कळतही नाही.

हक्काचा पुरावा गावातच तयार होतो

दाव्याचा निकाल न्यायालयात लागतो खरा; परंतु त्याला लागणारा पुरावा पहिल्या काही दिवसांत गावातच तयार होतो, किंवा गावातच हरवतो. पोलिसांत तातडीने खबर देणे, घटनास्थळाचा पंचनामा नीट होणे, वाहनाचा क्रमांक टिपून ठेवणे व जखमी मुलास शासकीय रुग्णालयात दाखवून नोंद करून घेणे, ही कामे त्याच दिवशी व्हावयास हवीत. नियमाप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो गेला किंवा नाही, याची चौकशी सरपंच अथवा पोलीस पाटील करू शकतात.

जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असते. मुलाचे वय व त्याची शैक्षणिक प्रगती शाळेच्या दप्तरी असते. या दाखल्यांसाठी दुःखात बुडालेल्या कुटुंबाला खेटे घालावयास लावणे माणुसकीला धरून नाही. औषधांच्या पावत्या जपून ठेवण्यास सांगणे व कोऱ्या कागदावर सही न करण्याविषयी बजावणे, एवढे तरी शेजाऱ्यांना सहज करता येईल.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार बालकांना व स्त्रियांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता विनामूल्य विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

रक्कम मुलाची, राखण न्यायालयाची

अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक वादमित्र म्हणून दावा चालवितो. तथापि दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाल्यावर न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याला तडजोड करता येत नाही, अथवा मुलाची रक्कम उचलता येत नाही. मोटार अपघाताच्या प्रकरणांतही मुलाच्या वाट्याची रक्कम बहुधा तो सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो. उपचार वा शिक्षणासाठी लागल्यास परवानगीने ती काढता येते.

अपघात टाळणे हे सर्वांचे पहिले कर्तव्य होय, यात संशय नाही. तो टळला नाही तर दुसरे कर्तव्य सुरू होते. एखाद्या वाडीत असा प्रसंग ओढवला की सांत्वनाला सगळा गाव जातो. जाणाऱ्यांपैकी एकाने, मग ते गुरुजी असोत, सरपंच असोत वा तलाठी असोत, सहा महिन्यांच्या मुदतीची आठवण ठेवावी आणि दिवसकार्य उरकल्यावर त्या घरी पुन्हा एकदा जावे.